पोटगीचा हप्ता

पोटगीचा हुकूम हाती पडला की माहेरची माणसे सुटकेचा श्वास सोडतात. खरी पायपीट तिथून पुढे सुरू होते. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी हुकूम मिळतो. पण ज्याच्याकडून पैसे काढायचे तो नवरा अकोल्याला, नाही तर पार पुण्याला. वॉरंट निघते, पोलिसांमार्फत तिकडे जाते आणि ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. मग पुढची तारीख. तारखेपायी तिची मजुरी बुडते, ती वेगळीच.

माझी उमेद बँकेत गेली, म्हणून वसुलीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येणारी एक बाई आठवते. “पैसे आले का जी, साहेब?” एवढेच ती विचारी. त्याच टेबलावर कर्जदारांचे हप्ते मात्र पगारातून परस्पर कापून येत. सहकारी पतसंस्थांना तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ४९ ने ही सोयच करून दिली आहे. सभासदाने करार लिहून दिला की मालकाने पगारातून रक्कम कापून संस्थेकडे भरायची. पोटगी अशी आपोआप कापली जात नाही. तिने पुन्हा अर्ज करावा, तेव्हा कुठे जप्ती.

गंमत अशी की कायद्याच्या लेखी मान तिचाच मोठा. साध्या कर्जापोटी पगारातले पहिले एक हजार रुपये सोडून उरलेल्याचा एक तृतीयांशच जप्त होतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, नवऱ्याच्या मालमत्तेवर पोटगीच्या थकबाकीचा हक्क बँकांसारख्या धनकोंच्याही आधी, असे सांगितले. आम्हा बँकवाल्यांना हे कडू लागेल. पण बँकेने तारण पाहून कर्ज दिले होते. हिने काय पाहून संसार केला? हुकूम देतानाच त्याची एक प्रत नवऱ्याच्या मालकाकडे, कपातीच्या आदेशासह, का धाडू नये?

अर्थात हे पगारदारांपुरते. वऱ्हाडात खरी अडचण शेतीची आहे. जमीन सासऱ्याच्या नावे, कापसाचे-सोयाबीनचे पैसे सासऱ्याच्याच खात्यात, आणि नवरा न्यायालयात सांगतो, ‘मी मजूर.’ नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मिळकतीचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. चांगलेच झाले. पण त्या प्रतिज्ञापत्रात काय दडवले, हे शोधायला सातबारा आणि बाजार समितीच्या पावत्या अखेर तिलाच गोळा कराव्या लागतात.

‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत भाऊ-बाप दिवस काढतात, तेही महागात पडते. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट मागायचे तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये ही अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ती आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी नवऱ्याला महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘बसून आलो, फिटले’ असे काही बहाद्दर पारावर सांगतात. ते खोटे आहे. कैद हे वसुलीचे साधन आहे, तिने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे.