आकडा मुलाचा, फलकाचा नव्हे

१९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. ती वेळ घड्याळाने सांगितली; ती कशी साधली, हे घड्याळ सांगू शकत नव्हते. आज मनगटावर किंवा कमरेवर बांधलेला लहानसा सेन्सर हातांची लय, शरीराचा कल आणि वळण घेण्यास लागलेला वेळ नोंदवतो. काठावरून न दिसणारे दोष त्यामुळे प्रशिक्षकाच्या ध्यानी येतात.

नळगंगा धरणाच्या या मोताळा तालुक्यात पाण्याशी मुलांची गाठ पडतेच. म्हणून सुरक्षित पोहणे आधी, सेन्सर नंतर, असे आम्ही मानतो. शिवाय, नोंदलेला आकडा फलकावर लावू नये. निवासी शाळेतील मुलाला संध्याकाळी घर गाठता येत नाही. तुलनेचा सल अंथरुणापर्यंत त्याच्यासोबत येतो. त्याची तुलना त्याच्याच कालच्या पोहण्याशी व्हावी. भीती आणि थकवा ओळखणारा माणूस काठावर हवाच. माजी विद्यार्थ्यांनी उपकरण अवश्य द्यावे. मात्र प्रशिक्षकाच्या मानधनाचा भारही उचलावा, ही आमची विनंती.