ब्रश केला म्हणजे झालं?

'अगं, पाइप फुटला का आत?' रूममेटनं बाहेरून ओरडून विचारलं, तेव्हा माझ्या हातात वॉटर फ्लॉसर होता, आरशावरून पाणी ओघळत होतं आणि टी-शर्ट भिजून चिंब. तोंड उघडं ठेवून बटण दाबलं की काय होतं, ते पहिल्याच दिवशी कळलं.

हा फ्लॉसर मी रील बघून हौसेनं घेतलेला नाही. गेल्या वर्षी दातांना ब्रेसेस लागल्या. तारांमध्ये पोह्यापासून पेरूच्या बियांपर्यंत सगळं अडकायला लागलं. तीन महिन्यांत हिरड्या सुजल्या आणि ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसू लागला. मग मी शहाणपणा केला : जिथून रक्त येतं, तिथे ब्रश लावणंच बंद केलं. डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, 'रक्त येतं म्हणून तू साफ करत नाहीस आणि साफ करत नाहीस म्हणूनच रक्त येतंय!'

मुद्दा साधा आहे. ब्रश दाताची पुढची, मागची आणि चावण्याची बाजू घासतो. दोन दातांच्या मधल्या फटीत त्याचे केस नीट पोचतच नाहीत. तिथे जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक साठतो. तो तसाच राहिला की कडक होऊन टार्टर बनतो, आणि टार्टर घरी कुठल्याच ब्रशनं निघत नाही. हिरड्या सुजणं ही पहिली पायरी. इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पण दुर्लक्ष केलं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, तर ते आपोआप परत भरून येत नाही. शिवाय हे सगळं फारसं न दुखता होतं. म्हणूनच आपण गाफील राहतो.

वॉटर फ्लॉसर या फटींसाठीच आहे. पाण्याची बारीक धार थांबत-थांबत, मिनिटाला हजाराहून जास्त वेळा मारली जाते. त्यानं अडकलेले कण आणि सैल थर निघून जातो. कल्पना नवी नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स इथे एका डेंटिस्टनं आणि एका इंजिनीअरनं मिळून 1962 मध्ये हे यंत्र बनवलं. आपल्या फीडवर ते आत्ता आलं, एवढंच.

मग सगळ्यांनी घ्यावं का? माझं मत : नाही. ब्रेसेस, ब्रिज किंवा इम्प्लांट असेल, किंवा दोरा धरायला बोटं साथ देत नसतील, तर जरूर घ्या. बाकीच्यांचं काम साध्या दोऱ्याच्या फ्लॉसनं किंवा फटीत घालायच्या छोट्या इंटरडेंटल ब्रशनं होऊ शकतं, तेही कितीतरी कमी पैशांत. पाण्याची धार दाताला घट्ट चिकटलेला थर दोऱ्यासारखा खरवडून काढत नाही. आणि दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं फ्लोराइडवाल्या पेस्टनं ब्रश करण्याला तर काहीच पर्याय नाही. 'हे वापरा, ब्रश विसरा' असं कुणी इन्फ्लुएन्सर सांगत असेल, तर सरळ पुढे स्क्रोल करा.

यावर कुणी म्हणेल, फ्लॉसिंगचा उपयोगच सिद्ध झालेला नाही. 2016 मध्ये असोसिएटेड प्रेसनं तशी बातमी दिली होती खरी. पण बातमी नीट वाचली तर ती पुरावे कमकुवत असल्याचं सांगते. पुरावा कमी असणं आणि उपयोग नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पत्रकारिता शिकताना आम्हाला पहिल्या वर्षीच घोकून घ्यावं लागतं. आणि माझ्या बेसिनमधला गुलाबी फेस बंद झाला, तो काही मी हेडलाइनमध्ये वाचलेला नाही.

वापरायचाच असेल तर माझ्या चुका टाळा. पिण्याचं कोमट पाणी भरा, सगळ्यात कमी प्रेशरवर सुरुवात करा, बेसिनवर वाका, आधी टोक तोंडात आणि मगच बटण. ओठ थोडे मिटलेले ठेवा, म्हणजे पाणी खाली सांडेल. हिरडीच्या कडेनं हळूहळू सरका, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा. प्रत्येकाचं टोक वेगळं हवं. आठवड्याभरात रक्त थांबलं नाही, तर यंत्र बाजूला ठेवा आणि डेंटिस्ट गाठा.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. सुट्टीत घरी गेले, तेव्हा आई जेवण झाल्यावर बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दात कोरत होती. मी हे लहानपणापासून बघतेय आणि मला कधी त्यात काही वावगं वाटलंच नाही. आजी तर मिश्री लावायची. 'दात घट्ट राहतात' म्हणायची, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू आहे हे घरात कुणी बोलायचं नाही. आईच्या दोन दाढा गेल्यात. तिला शुगर आहे. शुगर असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरायला जड जाते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. 'स्केलिंग केलं की दात हलतात' हे मात्र शेजारणीनं तिला पक्कं सांगून ठेवलेलं! खरं तर टार्टर निघाल्यावर फटी मोकळ्या लागतात, म्हणून तसं वाटतं.

आपली पिढी सिरम, सनस्क्रीन आणि दात पांढरे करणाऱ्या पट्ट्यांवर खर्च करते, कारण ते सेल्फीत दिसतं. हिरड्या दिसत नाहीत. आईच्या तर अजिबातच नाहीत, कारण ती फोटोत तोंड मिटूनच हसते. माझ्या ब्रेसेसचे हप्ते भरताना तिनं एकदाही हिशेब विचारला नाही. स्वतःच्या स्केलिंगचं नाव काढलं की मात्र, 'आता या वयात कशाला?'

शेवटी मी तिला ओढूनच डेंटिस्टकडे नेलं. साफसफाई झाली. तिच्या फटी मोठ्या आहेत म्हणून तिला फ्लॉसर नाही, छोटे इंटरडेंटल ब्रश सांगितलेत. सेफ्टी पिन आता फक्त पदराला लागते. मी फोन केला की आधी तिच्या हिरड्यांची चौकशी करते आणि ती 'हो गं बाई, केलं साफ' म्हणून वैतागते.

तर फ्लॉसर कार्टमध्ये टाकायच्या आधी दोन कामं करा. स्वतःचे दात एकदा दाखवून या. आणि घरी विचारा, आई-बाबा शेवटचे डेंटिस्टकडे कधी गेले होते? 'दाढ दुखली तेव्हा' असं उत्तर आलं, तर पहिली अपॉइंटमेंट त्यांची घ्या.