डोळे तपासणारे हात कुठे शिकणार?

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. नेकनूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांनाही हे नवे नाही. उसाचे पाते धारदार असते. ते डोळ्याला लागले, बुबुळाला खरचटले तरी मजूर काम थांबवत नाही, कारण उचल फेडायची असते. कुणीतरी दुकानातून थेंब आणून देतो. दोन-चार दिवस बरे वाटते, मग डोळा लाल होतो, बुबुळावर पांढरा डाग पडतो. आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडले. एक डोळा गेला. कुठेही नोंद नाही, नुकसानभरपाईचा प्रश्नच नाही.

हे अंधत्व टाळता येण्याजोगे होते. नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. बुबुळाला खरचटल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना अँटिबायोटिक मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. मलम महागडे नव्हते. महत्त्वाचे होते ते जवळ कुणीतरी असणे, ज्याला खरचटलेला डोळा ओळखता येतो. असे माणूस आपण घडवतो आहोत काय, हा आजचा प्रश्न आहे.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणाने सांगितले की पन्नाशी ओलांडलेल्यांत १.९९ टक्के लोक अंध आहेत आणि त्यातील ६६.२ टक्के अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे आहे. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र पहिले कारण बुबुळावरील डाग हे आहे, ३७.५ टक्के. म्हणजे म्हातारपणी मोतीबिंदू आणि कमावत्या वयात बुबुळाची जखम. निरक्षरांमध्ये अंधत्व शिकलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. डोळ्याचा आजार जात विचारत नाही हे खरे, पण उपचार कुणापर्यंत पोहोचतात हे मात्र समाजाची उतरंडच ठरवते.

नेत्रशल्यचिकित्सक प्रत्येक गावात बसणार नाही, आणि तशी गरजही नाही. गरज आहे ती पहिल्या पायरीवर नीट तपासणाऱ्याची. हे काम ऑप्टोमेट्रिस्टचे, आणि सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचे. तो शस्त्रक्रिया करीत नाही. तो नजर मोजतो, चष्म्याचा नंबर काढतो, आजार ओळखतो आणि वेळेत पुढे पाठवतो. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांना, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, डोळ्यांच्या नेहमीच्या तक्रारींची सेवा कागदावर नेमून दिलेली आहे. पण सेवा कागद देत नाही, हात देतात.

हे हात कसे तयार होतात? एक डोळा झाकून दुसऱ्याची नजर घेणे, मग बारीक छिद्रातून वाचायला लावून दोष चष्म्याचा की आजाराचा हे ठरवणे, ही पहिली पायरी. रेटिनोस्कोपने नंबर काढणे ही दुसरी. हल्ली यंत्र चिठ्ठी छापून देते, पण लहान मूल यंत्रात पाहताना नजर जवळ ओढते आणि नंबर चुकतो. चुकीचा चष्मा घातलेले पोर फळा नीट न दिसल्याने मागे पडते आणि गुरुजी त्याला मठ्ठ ठरवतात. तिसरी पायरी वरची पापणी उलटून आत अडकलेले कुसळ शोधणे, रंग टाकून बुबुळावरची जखम पाहणे. चौथी, डोळ्याचा दाब मोजणे आणि आतली नस पाहणे. “अजून पिकला नाही, थांबा,” असे सांगून म्हाताऱ्याला परत पाठवले जाते. तो मोतीबिंदू नसून काचबिंदू असेल, तर गेलेली नजर कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही. पाचवी पायरी सर्वात अवघड, काय करायचे नाही ते कळणे. जखमी बुबुळात स्टिरॉइडचे थेंब टाकायचे नाहीत, त्याच दिवशी पुढे पाठवायचे.

यातले काहीही पुस्तक वाचून येत नाही. शेकडो डोळे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पाहावे लागतात. ऑप्टोमेट्रीच्या चार वर्षांच्या पदवीत शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. ते वर्ष चष्म्याच्या दुकानात फ्रेमी दाखवण्यात गेले तर हातात पदवी येते, पण हाताला काम येत नाही. खेड्यातून, कर्ज काढून शिकायला आलेल्या पहिल्या पिढीच्या मुला-मुलींचे यात सर्वाधिक नुकसान होते. ज्याच्या काकाचा दवाखाना आहे तो तिथे शिकून घेतो. ज्याचे कुणी नाही त्याने कुठे शिकायचे?

कायदा आता आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये झाला. ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र सहायक व दृष्टी तंत्रज्ञ यांना त्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, असे तो सांगतो. पण अंमलबजावणी इतकी रखडली की १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये आयोगाने ऑप्टोमेट्रीसह काही व्यवसायांचा समान अभ्यासक्रमही जाहीर केला. तास मोजले जातील, ते ठीक. त्या तासांत विद्यार्थ्याने किती डोळे तपासले, हे कोण मोजणार?

गरिबांच्या डोळ्यांवर विद्यार्थ्यांनी हात साफ करायचा का, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिरात ८८ जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ८४ जणांचे डोळे कायमचे निकामी झाले. ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. शिबिरात येणारा माणूस गरीब असतो म्हणून त्याच्या सुरक्षिततेचा दर्जा कमी होत नाही, हा त्यातून घ्यायचा धडा. पण अर्धवट शिकलेला माणूस एकट्याने तपासतो तेव्हा रुग्ण जास्त धोक्यात असतो. देखरेखीखाली शिकणारा, रुग्णाची परवानगी घेणारा, ज्याची प्रत्येक तपासणी वरिष्ठ पुन्हा पाहतात असा विद्यार्थी रुग्णाला एकाऐवजी दोघांची नजर देतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. इंटर्नशिपचे किमान तीन महिने नेकनूरसारख्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात व्हावेत, बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांच्या देखरेखीखाली. याच महाविद्यालयात पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने यांनी मराठवाड्याच्या डोळ्यांवर काम केले आहे, तेव्हा परंपरा नाही असे कुणी म्हणू नये. विद्यार्थ्याला विद्यावेतन आणि राहण्याची सोय मिळावी, नाहीतर ही संधीही खात्यापित्या घरांची होईल. अंतिम परीक्षा प्रत्यक्ष रुग्णावर व्हावी. पुढे पाठवलेला रुग्ण खरोखर पोहोचला का, याची वही ठेवावी.

आणि टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक मजुराचे डोळे तपासावेत. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढील कामगारांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची पानखुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कापूस वेचणाऱ्या, सुईत दोरा न ओवता येणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हाच साधा चष्मा हवा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. ग्रामसभांनी हा ठराव घ्यावा, कार्यकर्त्यांनी तो जिल्हाधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.