निर्लेखनाआधी कपाट उघडा

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक यंत्र होते, कॅनडातून आणलेले. १९८५ नंतर ते कोणी वापरले नाही. ज्यांना त्याची माहिती होती ते प्राध्यापक निवृत्त झाले, खोली बंदच राहिली. फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात फुटले. आत कोबाल्ट-६० होते. एका दुकानदाराने त्याचा तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एप्रिलपर्यंत अनेक जण रुग्णालयात पोचले, त्यातला एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० चा किरणोत्सार सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे इतक्या वर्षांत तो कितीतरी वेळा निम्मा झालेला होता, तरीही माणूस मारायला पुरला.

प्राध्यापक, विभागप्रमुख, लॅब असिस्टंट अशा सर्वांना म्हणून एक विनंती आहे. आवारातला धोका बहुतेक वेळा चालू प्रयोगात नसतो. तो निवृत्त झालेल्या सरांच्या कपाटात असतो. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूचे नाव, खरेदीचे साल आणि किंमत सापडते. तिच्या आत काय आहे आणि ती कशी हाताळायची, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. ते माणसाच्या डोक्यात असते आणि निरोप समारंभाच्या शाल-श्रीफळासोबत घरी जाते.

म्हणून कोणी निवृत्त होणार असेल, तर आधी दोन महिने त्यांच्याबरोबर बसून एकेक कपाट उघडा. इथे घाई नको. ईथरची जुनी बाटली दिसली आणि झाकणाभोवती पांढरे खडे जमलेले असले, तर ती उघडू नका, हलवूही नका. ते पेरॉक्साइड असते आणि झाकण फिरवण्याच्या घर्षणानेही फुटू शकते. पिक्रिक आम्ल ओले असते तोवर ठीक, सुकले की स्फोटक. अशा वेळी खोली बंद करून जाणकाराला बोलवा. किरणोत्सारी वस्तू असल्याची नुसती शंका आली तरी लिलाव थांबवा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. लेबल नसलेली बाटली सिंकमध्ये ओतून मोकळे होणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. पुढे तोच पाइप उघडणारा प्लंबर कंत्राटी असतो आणि नळीत काय साचले आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, फक्त केल्या जात नाहीत. गॅसचे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पाहा. मागच्या दाराला कुलूप लावून चावी शिपायाच्या खिशात ठेवू नका. आग लागते तेव्हा शिपाई चहाला गेलेला असू शकतो. (तपासणी समिती येणार म्हटल्यावर भिंती रंगतात, कुलूप तसेच राहते.)

विद्यार्थ्याला ॲप्रन आणि गॉगल मिळतो, तोच ओटा पुसणाऱ्या बाईंना फडके. त्यांनाही जाड हातमोजे द्या आणि कुठल्या बाटल्यांना हात लावायचा नाही, हे मराठीत लिहून कपाटावर चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगा.

निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना वाढवा: ‘आत काय आहे?’ तो रकाना रिकामा असेल, तर सही करू नका.