चर्चच्या छतातलं भोक

जावात तारखांचा कोड लिहिला असेल, तर ही गंमत तुम्हीही पाहिली असेल. ग्रेगोरियन कॅलेंडरच्या क्लासमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर येतो. मधले दहा दिवस गायब! मला आधी वाटलं, बग आहे. तर तो निघाला पोप तेरावे ग्रेगरी यांचा हुकूम.

ईस्टरची तारीख वसंतसंपातावर ठरते आणि तो २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास यायला लागला होता. म्हणून दहा दिवस उडवले. पण संपात नक्की कधी, हे अचूक मोजायचं कसं? त्यासाठी वेधशाळा झाली चक्क चर्चची! १६५५ साली कॅसिनीने बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चच्या छतातल्या भोकातून येणारा कवडसा वापरला. खाली फरशीवर सुमारे ६७ मीटरची रेघ आखली. वर्षभर तो कवडसा मोजल्यावर दिसलं, की सूर्याच्या अंतराचं केपलरचं गणित बरोबर आहे, टॉलेमीचं नाही. पुढे पोपच्या सांगण्यावरून १७०२ साली रोमच्या एका चर्चमध्येही अशी रेघ आखली गेली.

म्हणजे 'चर्च विरुद्ध विज्ञान' ही शाळेतली गोष्ट अर्धीच. पण म्हणून 'चर्च तर विज्ञानाचं आश्रयदातं' हेही मला पटत नाही. कारण बोलोन्यावर तेव्हा पोपचंच राज्य होतं, आणि त्याआधी बावीसच वर्षं, १६३३ मध्ये, याच चर्चने गॅलिलिओला गुडघे टेकून पृथ्वी फिरत असल्याचं मत सोडायला लावलं होतं. १६४२ मध्ये तो नजरकैदेतच गेला. त्याचं पुस्तक बंदीच्या यादीतून निघायला १८३५ साल उजाडलं.

मोजायला परवानगी होती, निष्कर्ष काढायला नव्हती. माझ्या मते भांडण श्रद्धेचं नव्हतंच, शेवटची सही कुणाची याचं होतं.

हे ओळखीचं वाटतंय ना? मलाही एकदा टेस्टिंगचे आकडे काढायला सांगितले होते, रिपोर्टमध्ये काय यायला हवं ते मात्र आधीच ठरलेलं. नको असलेला आकडा मी गुपचूप गाळला. गॅलिलिओ तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता, समोर धर्मन्यायालय होतं. माझ्यासमोर फक्त अप्रेझल होतं.

असो. कुणी विज्ञानाला किती पैसे दिले हे मी आता विचारत नाही. नको ते उत्तर आल्यावर काय केलं, ते विचारतो. स्वतःलाही.