जीवाणूचं बटण

खोलीतला दिवा लावायचा तर तुम्ही काय करता? बटण दाबता. झोपायच्या वेळी तेच बटण पुन्हा दाबलं की दिवा बंद. यात तुम्हाला काही विशेष वाटत नाही. पण असंच बटण एखाद्या जिवंत जीवाणूला बसवायचं म्हटलं तर? म्हणजे इकडे वीज सोडली की तिकडे जीवाणूच्या पोटातलं एखादं जनुक कामाला लागलं पाहिजे आणि वीज उलटी फिरवली की थांबलं पाहिजे. २०१७ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात विल्यम बेंटली, ग्रेगरी पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं बटण बसवून दाखवलं.

आता हे बटण हवं कशाला, ते आधी पाहू. जीवाणूंना आपण कामाला जुंपलं त्याला बरीच वर्षं झाली. आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू घ्यायचा, त्यात माणसाच्या इन्शुलिनचं जनुक बसवायचं, की तो इन्शुलिन बनवू लागतो. असं इन्शुलिन १९८२ पासून मधुमेहाच्या रुग्णांना मिळतंय. पण जनुक नुसतं बसवून भागत नाही. ते कधी चालू व्हायचं हेही जीवाणूला कळवावं लागतं. हा निरोप सहसा एखाद्या रसायनाच्या हाती धाडतात. ठरावीक रसायन घातलं की जनुक चालू. अडचण पुढेच आहे. आमटीत मीठ टाकणं सोपं, पण जास्त पडलेलं मीठ काढून दाखवा बरं! रसायनाचंही तसंच. आणि मला विचाराल तर चालू करण्यापेक्षा बंद करता येणंच जास्त महत्त्वाचं. उद्या एखाद्याच्या आतड्यात औषध तयार करणारे जीवाणू सोडायचे झाले, तर ‘पुरे झालं की यांना थांबवायचं कसं?’ हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

विजेचं तसं नाही. ती क्षणात येते, क्षणात जाते, कमीजास्त करता येते. मग जीवाणूंच्या भांड्यात दोन तारा सोडल्या की झालं? नाही ना! तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, पण पाण्यात सुटे इलेक्ट्रॉन माशासारखे पोहत जीवाणूपर्यंत जात नाहीत. यंत्राची बोली इलेक्ट्रॉनची, तर जीवाणूची बोली रेणूंची. मध्ये कुणीतरी दुभाषी हवा.

हा दुभाषी तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटलेला आहे. ऑक्सिडीभवन आणि क्षपण! इलेक्ट्रॉन दिला की ऑक्सिडीभवन, घेतला की क्षपण. (परीक्षेत नेमकं उलटं लिहून येणारे बरेच असतात, पण ते असू द्या.) काही रेणू हे देणं-घेणं अगदी सहज करतात. असाच एक रेणू म्हणजे पायोसायनिन. त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘निळा पू’. शी म्हणू नका! जखमेच्या पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या का होतात, याचा छडा फ्रान्समध्ये कार्ल जेसार यांनी १८८२ साली लावला. तो रंग स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूच्या कृपेनं येतो, आणि त्यातला निळा म्हणजे हे पायोसायनिन. स्यूडोमोनासचं ते शस्त्रच आहे. शेजारच्या जीवाणूच्या पेशीत शिरून ते तिथले इलेक्ट्रॉन पळवतं.

पण ई. कोलायही कच्च्या गुरूचा चेला नाही. त्याच्या डीएनएवर सॉक्स-आर नावाचं एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. त्याच्यात लोह आणि गंधक यांची एक छोटी जुडी असते. या जुडीतला इलेक्ट्रॉन कुणी पळवला, म्हणजेच तिचं ऑक्सिडीभवन झालं, की पहारेकरी ओळखतो, शत्रू आला! तो लगेच डीएनएला जरासा पीळ देतो आणि पुढचं जनुक वाचलं जाऊ लागतं. एरवी ते जनुक बचावाची तयारी सुरू करणारं असतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर पहारेकरी तोच ठेवला, पण त्याच्या पुढ्यात आपल्याला हवं ते जनुक जोडून दिलं. आता धोक्याची घंटा वाजली की जीवाणू आपलं काम करणार!

घंटा वाजवायची विजेनं. त्यासाठी आणखी एक हमाल लागला, फेरोसायनाइड. नावात सायनाइड आहे म्हणून दचकू नका. त्यातल्या लोहानं सायनाइडला घट्ट धरून ठेवलेलं असतं, आणि मीठ मोकळं राहावं म्हणून काही पुड्यांत ते चिमूटभर घातलेलंही असतं. तर विद्युत-अग्राला धन विद्युतदाब दिला की फेरोसायनाइड आपला इलेक्ट्रॉन तिथं सोडतं आणि मोकळ्या हातानं परत जाऊन पेशीतून आलेले इलेक्ट्रॉन उचलतं. पायोसायनिन पुन्हा रिकामं, पुन्हा पेशीत हल्ला, पहारेकरी जागा, जनुक चालू. दाब उलटा केला की हमालाचे हात भरलेले, उचलायला जागा नाही, आणि घंटा शांत. लागणारा दाब केवढा? तुमच्या टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षाही कमी!

एक काळजी मात्र घ्यावी लागली. हवेतला ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा भारी हावरा. तो असला तर हमालाला कोण विचारतो? म्हणून हे प्रयोग ऑक्सिजनशिवाय केले. त्यातून नवीनच पेच आला. जनुक चालू झालं हे दाखवायला जेलीफिशचं चमकणारं हिरवं प्रथिन वापरायची पद्धत आहे, पण त्याला चमकायला ऑक्सिजन लागतो. मग एका वनस्पतीच्या प्रथिनापासून बनवलेलं, ऑक्सिजनविना चमकणारं प्रथिन घेतलं.

मला सगळ्यांत आवडला तो पोहण्याचा प्रयोग. ई. कोलाय शेपट्या गरगर फिरवत सरळ पोहतो, मध्येच कोलांटी मारतो, पुन्हा पोहतो. ‘ची-झेड’ हे प्रथिन नसलेला ई. कोलाय नुसत्या कोलांट्याच मारत राहतो, पुढे काही सरकत नाही. अशा जीवाणूंमध्ये ची-झेडचं जनुक त्या पहारेकऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. वीज सोडली, आणि कोलांट्या मारणारी मंडळी पोहायला लागली!

तरी हे बटण दिव्याच्या बटणासारखं चटकन विझणारं नाही, बरं का. बंद केलं की जनुकाचं वाचन थांबतं, पण आधीच तयार झालेलं प्रथिन पेशीत असतंच. ते सावकाश कमी होतं. शिवाय आतड्यात काही फेरोसायनाइडची हंडी ठेवता येणार नाही. २०२१ मध्ये याच गटानं निराळी वाट काढली. जीवाणू थेट सोन्याच्या विद्युत-अग्रावर चिकटवले आणि निरोप्या म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं, जे विद्युत-अग्रच ऑक्सिजनपासून तयार करतं. चिकटलेल्या जीवाणूंनी निरोप ऐकला, आणि आपल्या रासायनिक बोलीत तो दूरच्या जीवाणूंना कळवला.

उलट्या दिशेचं बोलणंही झालंय. २०१८ मध्ये एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी गिळता येण्याजोगी एक कुपी केली. तिच्यातल्या जीवाणूंना रक्ताचा अंश लागला की ते प्रकाश देतात, आतली इलेक्ट्रॉनिक चकती तो टिपते आणि बिनतारी संदेश बाहेर पाठवते. डुकरांच्या पोटात ती चालली. म्हणजे जीवाणू यंत्राशी बोलला आणि यंत्र जीवाणूशी. आता हे दोघं एकाच कुपीत बसून बोलतील का, यावर कामाला भरपूर वाव आहे. तुम्ही दहावी-बारावी होईपर्यंत तो संपेल, असं काही दिसत नाही!