पूजा तलवारीची, उपेक्षा ऐरणीची

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या धारच्या जुन्या घरात देवघरापुढे पाट मांडला जातो, त्यावर पणजोबांची तलवार ठेवली जाते, हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ घातली जाते, आणि दसरा उलटला की ती तलवार पुन्हा जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर जाते. गेल्या कित्येक वर्षांत ती म्यानातून पूर्ण बाहेर आलेली नाही, कारण गंजाने तिला आतच धरून ठेवले आहे. धार आणि देवास येथील आपल्या जुन्या मराठी घरांपैकी अनेकांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. पवारांच्या निशाणाखाली अठराव्या शतकात आपले पूर्वज माळव्यात कसे आले, याच्या कथा आपण मोठ्या रसाने सांगतो. परंतु ती तलवार घडवली कोणी, तिला पाणी दिले कोणी, आणि त्या माणसाच्या वंशजांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या बैठकीत कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. तो विचारण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. काही वाचक रागावतील. त्यांनी रागवावे, पण शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात देवास येथे एका वृद्ध लोहाराच्या भट्टीवर आठ रविवार हातअवजारे घडवण्याचा वर्ग चालला. विद्यार्थी पाच होते : अभियांत्रिकीचे दोन तरुण, संत्र्यांची बाग असलेला एक शेतकरी, आमचा नववीतला नातू आणि सेवानिवृत्त झालेले आम्ही. फळा नव्हता, वही नव्हती. खुरपे, छिन्नी आणि सांडशी या तीन वस्तू प्रत्येकाने स्वतःच्या हाताने घडवायच्या, एवढाच अभ्यासक्रम. आम्ही ही हकिकत आपल्या मंडळींच्या कानावर मोठ्या उत्साहाने घातली. उत्तरादाखल एका सद्गृहस्थांनी विचारले, “आता उतारवयात घोड्यांना नाल ठोकणार की काय?” सारे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली.

लाज वाटण्यास एक जुने कारण होते. शासकीय सेवेत असताना कारागिरांना अवजारांच्या पेट्या वाटण्याच्या एका कार्यक्रमास आम्ही अधिकारी या नात्याने उपस्थित होतो. कोणत्या खात्याचा तो कार्यक्रम होता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष आमच्या पदरातही आहेच. एका लोहाराने पेटीतला हातोडा उचलला, तळहातावर तोलला, त्याच्या तोंडावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि तो परत पेटीत ठेवला. मग त्याने नम्रपणे विचारले, “साहेब, हा कोणी बनवला?” आमच्याजवळ पुरवठ्याचा आदेश होता, दरपत्रक होते, पोच होती. उत्तर नव्हते. आम्ही त्याच्याकडून अंगठा घेतला आणि पुढचे नाव पुकारले. हातोडा बनवण्याची विद्या ज्याच्या हातात होती, त्यालाच आम्ही निकृष्ट ओतीव हातोडा दान दिला होता, आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या.

आता त्या विद्येत काय आहे, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण ‘लोखंड तापवायचे आणि ठोकायचे’ यापलीकडे त्यात काही नाही, असा आपल्या सुशिक्षितांचा ठाम समज आहे. आमचाही होता. भंगारात निघालेल्या मालमोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा आम्हांस खुरप्यासाठी मिळाला. कमानपाट्याचे पोलाद चांगले, पण मानी. ते लाल असताना ठोकले तर फारसे हलत नाही, नारिंगी-पिवळे झाले की वळते, आणि त्यापुढे जाऊन पांढरे पडून ठिणग्या फेकू लागले की जळाले. जळालेले पोलाद पुन्हा सुधारत नाही. आमचे पहिले खुरपे असेच जळाले. तरीही आम्ही ते दामटून पूर्ण केले आणि लालभडक असतानाच सबंध पाण्यात बुडवले. टिक् असा बारीक आवाज झाला आणि पात्यावर केसासारखी तड उमटली. उस्ताद रागावले नाहीत. ते तडकलेले पाते त्यांनी खिळ्याला टांगून ठेवले आणि पुढचे सात रविवार ते आमच्या डोळ्यांसमोर राहिले.

दुसऱ्या खेपेस आम्ही शिकलो. पात्याची फक्त कड तेलात निववायची, कारण या जातीच्या पोलादाला पाणी मानवत नाही. बोलण्यात मात्र त्याला ‘पाणी देणे’च म्हणायचे. मग कड दगडाने घासून उजळ करायची आणि पाठीमागच्या भागात उरलेली उष्णता तिच्याकडे सरकताना पाहत राहायचे. उजळ कडेवर रंग चढू लागतात : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. खुरप्याची कड तपकिरी होताच पुन्हा निववायची. पिवळ्यावर थांबलो तर धार ठिसूळ राहते, निळ्यापर्यंत गेलो तर मऊ पडते. हा सारा खेळ काही क्षणांचा. तापलेल्या लोखंडाला सुमारे 770 अंश सेल्सियसला लोहचुंबक चिकटेनासा होतो, हे आम्ही महाविद्यालयात पाठ केले होते. उस्तादांना तो आकडा ठाऊक नाही, पण ती वेळ त्यांना भट्टीच्या उजेडात रंगावरून कळते. आकडा पाठ असूनही खुरपे आम्हीच फोडले. यातले ज्ञान कोणते आणि अडाणीपण कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

धारच्या वाचकांना तर हे सांगण्याची गरजही पडू नये. ‘धारा’ या नगरीच्या नावाचा संबंध तलवारीच्या धारेशी जोडून आपण मिरवतो. लाट मशिदीच्या आवारात ज्या लोहस्तंभाचे तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत, तो परंपरेने भोजराजाचा मानला जातो. दिलावरखानाने 1405 मध्ये बांधलेल्या त्या मशिदीला नावच या लाटेवरून मिळाले. उपलब्ध तीन तुकड्यांची लांबी मिळून 43 फूट 4 इंच भरते आणि वजन सात टनांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ लांबीने याच्या जेमतेम निम्मा. 1598 मध्ये दक्षिणेकडे जाताना अकबराचा मुक्काम येथे पडला, त्याचा लेखही या लाटेवर आहे. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रह्मण्यम यांनी 2002 मध्ये या स्तंभाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हा स्तंभ ओतलेला नाही. लहान लहान भट्ट्यांतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून, घणाच्या घावांनी सांधत सांधत तो घडवलेला आहे.

या लाटेवर भोजाचे नाव आपण लावतो, अकबराचा लेख आपण वाचतो, ती पाडली कोणी आणि मोडली कशी यावर तावातावाने वाद घालतो. ज्यांनी ती घडवली, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथात खड्गांच्या परीक्षेचे प्रकरण आहे. खड्ग पारखणाऱ्याची विद्या ग्रंथात टिकली. घडवणाऱ्याची विद्या हातातून हातात गेली, आणि आता घेणारा हातच पुढे येत नाही. आमच्या उस्तादांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत सुरक्षारक्षक आहे. त्याचे काही चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कामाला समाज मान देत नाही आणि पोटापुरता दामही देत नाही, ते काम त्याने आपल्या करमणुकीसाठी का करावे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, आपल्या मुलांना परीक्षांतून डोके वर काढायला वेळ नाही, ती भट्टीवर काय करणार? आपली घराणी दप्तराची. फडणीस, चिटणीस, वाकनीस ही आडनावेच दप्तरातून निघाली. आधी राजाचे दप्तर, मग सरकारचे, आता शाळेचे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले, आणि शिकण्याच्या कामांत धातुकामाचेही नाव घेतले. दहा दिवस हातातले दप्तर खाली ठेवणे आपल्याला एवढे जड का जावे? ज्यांना हा मार्ग आपल्या कुळाला न शोभणारा वाटतो, त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण करावे. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी मानत असताना ते लोखंडी नांगर घेऊन बांधाबांधावर गेले, आणि 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याच किर्लोस्करांच्या कारखान्याने देवासच्या कितीतरी मराठी घरांना पगार दिला. पगाराचा अभिमान आपल्याला वाटला. लोखंडाचा मात्र वाटला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही आदराने ऐकतो. ‘जातीचे काम जातीकडे’ हा जुना बलुत्याचा न्याय तुम्ही पुन्हा आणता काय, असे एका तरुण मित्राने विचारले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच दाखवून दिले. गाडिया लोहारांची कुटुंबे आजही आपल्या गावांच्या कडेला पाले टाकतात, त्यांच्या स्त्रिया भर उन्हात घण चालवतात, आणि आपण वाहनाची काच वर करून पुढे जातो. 1955 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चित्तोडगडावर नेले. वस्तीत त्यांना जागा देणे मात्र आपल्याला अजून जमलेले नाही. म्हणूनच आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. लोहाराच्या मुलाने खुशाल डॉक्टर व्हावे आणि फडणिसांच्या मुलाने घण उचलावा. विद्या जातीच्या कुंपणाबाहेर आली तरच ती जगेल, आणि जातीचे कुंपणही अशानेच सैल होईल.

तिसरा आक्षेप बाजाराचा. यंत्रावर कापलेले खुरपे स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? स्वस्त मिळते हे खरे. पण आमच्या सहाध्यायी शेतकऱ्याने बाजारची खुरपी आणि भट्टीचे खुरपे एकाच हंगामात वापरून पाहिले. पत्र्याचे खुरपे काळ्या मातीत वाकले आणि उकिरड्यावर गेले. भट्टीचे खुरपे बोथट झाले तेव्हा तो ते घेऊन पुन्हा भट्टीवर आला, आणि घटकाभरात ते नवे होऊन गेले. दुरुस्त करणारा माणूस गावात असणे, यालाही काही किंमत आहे.

चौथा आक्षेप आमच्याच बिरादरीचा, म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांचा : सरकार सारे करतेच आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय घेतले गेले, त्यांत लोहार आहे आणि हातोडे व अवजारे बनवणारेही आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, सवलतीचे कर्ज, अशी तिची रचना. पैसा गरजू हातात जातो, हे उत्तमच. त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. तरीही आमचे एक दुखणे आहे. अशा योजनांत लोहार नेहमी बाकावर बसलेला असतो, शिकाऊ म्हणून. खुर्ची त्याला कोणी देत नाही. ज्याच्या घरात चार पिढ्यांची भट्टी आहे, त्याला पाच दिवसांत शिकवण्याऐवजी, त्याने इतरांना शिकवावे म्हणून वेतन का देऊ नये? पेट्या वाटण्याच्या त्या दिवशी हा विचार आम्हांस सुचला असता, तर आमची नोकरी काही अंशी सार्थकी लागली असती.

शासनाला उपदेश करण्याचा आमचा अधिकार संपला आहे. आपल्या संस्थेला मात्र तीन सूचना करतो. पहिली, येत्या खंडेनवमीला व्याख्यात्याच्या जागी एका लोहाराला निमंत्रण द्यावे, अंगणात ऐरण मांडावी, आणि व्याख्यात्याला देतो तेवढेच मानधन व तोच शालश्रीफळ त्याला द्यावा. दुसरी, आपल्या घरांतील सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी दहा दिवस भट्टीवर जावे. शुल्क आपण संगीताच्या किंवा इंग्रजीच्या शिकवणीला देतो तेवढे द्यावे, त्यात घासाघीस करू नये. तिसरी, प्रत्येक घराने विळी, खुरपे, कोयता, काहीतरी एक वस्तू वर्षातून एकदा भट्टीवरून घडवून घ्यावी.

वर्गाच्या शेवटच्या रविवारी आम्ही ती तलवार धोतरात गुंडाळून भट्टीवर नेली. उस्तादांनी ती हातात घेण्यापूर्वी हात धुतले. म्यानाच्या तोंडाशी तेल सोडले, दोन दिवस ठेवायला सांगितले आणि मग हलक्या हाताने, लाकडी ठोकणीने, ती मोकळी केली. पाते बाहेर आले तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि एके ठिकाणी थांबून आमच्या नातवाला दाखवले : येथे एका जागी सांधा आहे, मधे पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जिची पूजा झाली, तिच्या अंगावरचा हा सांधा आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिला. मजुरी विचारली, तर ते नको म्हणाले. आम्ही ऐकले नाही. फुकट घेण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे.

पुढचा वर्ग मार्गशीर्षात सुरू होईल. भट्टीवर पाच जणांचीच जागा आहे. एक नातवाने आधीच धरली आहे. उरलेल्या चारांसाठी नावे आमच्याकडे द्यावीत.